टॉवेलाखालचा हात

लाईट यायला अजून वेळ आहे. तोवर मोटर सुरू होणार नाही आणि उसाला पाणी लागणार नाही. तेव्हा ते पत्ते ठेवा आणि जवळ सरका. रविंद्र, तुला भुताचं ऐकायचं होतं ना? राजवर्धन, तू नंतर एकटा घरी जायचं नाही म्हणून रडायचं नाही. मी एसटीच्या डेपोत तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढली. रात्री-अपरात्री नीरेच्या पुलावरून सायकलवर आलो. मला कधी काही दिसलं नाही. पण हे माझ्या मैतरावर गुदरलेलं आहे, आणि तो खोटं बोलण्यात पटाईत असला तरी हे त्याच्याकडून खोटं सांगवलं जाणार नाही. का, ते शेवटी तुम्हालाच कळेल.

मैतर म्हणजे आपला बारामतीचा मानसिंग. आता तुम्ही बघता तो वाकलेला, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारा. तीन वर्षांपूर्वी बघायला पाहिजे होता! त्याचा बाप बैलांचा दलाल. जनावरांच्या बाजारात कसा सौदा होतो, पाहिलाय ना? तोंडानं भाव कुणी बोलत नाही. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कळत नाही. आणि हात हातात आला की म्हणे माणूस कळतो. गरजू आहे का, घाबरलाय का, सगळं तळव्याला कळतं. मानसिंग बापाचं हे कसब शिकला, आणि बैलांचे दिवस सरले तसा जुन्या मोटारींत शिरला. सौदा मात्र टॉवेलाखालीच. खांद्यावर टॉवेल नसला तर मानसिंग उघडाच वाटायचा.

शहाण्णव साल. कार्तिकातली अमावस्या, मंगळवार. पुण्याच्या एका हौशी माणसानं त्याला सांगून ठेवलं होतं, की जुनी, पडून राहिलेली इंग्रजी स्पोर्ट्स कार बघ, मी ती पहिल्यासारखी करणार. आणि मानसिंगला कुणकुण लागली, की तशी एक पिंपळीत आहे. बौद्ध वस्तीत, गोठ्यात. इंदापूरची कामं उरकून तो दिवस मावळताना तिथं पोचला.

घर ज्ञानूबाबांचं. म्हातारा माणूस, ताठ. त्यांचा एकुलता एक मुलगा बुद्धघोष. तो खडकीला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. लिलावात त्याला एमजी गाडीचा सांगाडा मिळाला होता. दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची. दर सुट्टीला गावी यायचा आणि तिच्यावर काम करायचा. इंजिन त्यानं उभं केलं, रंगाचं आणि गादीचं राहिलं, आणि तो काविळीनं गेला. मागं बायको सारजा आणि लहान मुलगी पिंकी. सारजाचा नर्सिंगला नंबर लागला होता. महिनाअखेर पैसे भरले तर जागा, नाही तर गेली. म्हणून गाडी विकायची होती. नवऱ्याच्या हातची ती एकच वस्तू घरात होती.

"जय भीम, या," ज्ञानूबाबा म्हणाले.

"रामराम," मानसिंग म्हणाला.

सारजानं चहाचं विचारलं. मानसिंग म्हणाला, "नगं ताई, उपास हाय." मानसिंगचे उपास असे घर बघून यायचे.

गोठ्यात एक पिवळा बल्ब. गाय, वासरू आणि पलीकडं ताडपत्रीखाली गाडी. ताडपत्री काढली तर सीटवर कोंबडीनं अंडं घातलेलं. रंग पोपडे धरलेला, गादीतून काथ्या बाहेर आलेला. बघणाऱ्याला वाटावं, भंगार. पण मानसिंगनं लोहचुंबक फिरवलं, पत्र्यात कुठं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली नाही. या गाडीच्या दाराच्या आत लाकडाची चौकट असते, ती त्यानं पेचकसानं टोचली, कुठं मऊ लागली नाही. खाली झोपून चॅसी ठोकली, खणखणीत. बॉनेट उघडलं आणि तो बघतच राहिला. असं काम त्यानं पाहिलं नव्हतं. वायरीला वायर समांतर, नट न् नट पुसलेला.

"चालू हुती का?" त्यानं विचारलं.

"हुती की," सारजा म्हणाली. "दर रविवारी मी चालू करती. त्यांनी शिकवलंय. बंद ठेवली तर बसंल म्हणायचे."

आता ऐका. चालू गाडीची किंमत वेगळी आणि मेलेल्या गाडीची वेगळी. मानसिंग म्हणाला, "ताई, बॅटरी बघायला जरा पाणी आणा." ती आत गेली. ज्ञानूबाबा गोठ्यातल्या बाजेवर पाठमोरे बसले होते. मानसिंगनं डेल्कोचं झाकण उचललं. डेल्को म्हणजे प्लगांना करंट वाटणारी डबी. तिच्या आत अंगठ्याएवढा काळा रोटर असतो, तो नसला तर इंजिन फिरेल, पण पेटणार नाही. तो त्यानं काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला, झाकण लावलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर.

"हां, करा चालू."

सारजानं किल्ली फिरवून बटण ओढलं. इंजिन घरघरलं, पेटलं नाही. परत ओढलं. परत. तिचा चेहरा पडला.

"परवाच्या रविवारी चालू झाली हो. खरंच झाली. बाबा, तुमी ऐकली का न्हाय?"

"झाली हुती," म्हातारा म्हणाला.

मानसिंग चुकचुकला. आणि मग तो जे बोलला, ते बोलायची काही गरज नव्हती. निम्म्या किमतीला गाडी तशीही मिळाली असती. पण दलालाची जीभ. माल पाडायचा तर पुरता पाडायचा.

"ताई, गेलेल्या माणसाबद्दल बोलू न्हाई. पण तुमच्या मालकानं काम कच्चं केलंय. ठिगळं लावल्यात नुसती. हातात कसब पायजे, ते नव्हतं त्यांच्या."

सारजानं बटणावरचा हात काढला. गाडीतून उतरली. बाजेवरून उठून आलेल्या ज्ञानूबाबांनी मान खाली घातली. त्या पोराच्या कामावर त्या घराची मान ताठ होती रे, आणि ती ह्यानं एका वाक्यात खाली घातली.

"माझंच कायतरी चुकलं आसंल," सारजा एवढंच पुटपुटली.

आणि लाईट गेली.

अमावस्येचा अंधार. हाताला हात दिसेना. "कंदील आणती," म्हणत सारजा भिंत चाचपत घराकडं गेली. मानसिंग बाजेच्या एका कडेला बसला. खिशावरून हात फिरवून त्यानं रोटर चाचपला. मनातल्या मनात पुण्याच्या माणसाला भाव सांगत होता. तिकडं वासराचं दावं सुटल्यासारखं काही वाजलं. मग बाज करकरली. दुसऱ्या कडेला कुणी बसल्यासारखी.

"बाबा," मानसिंग म्हणाला, "तुमी बी बाजारातलं माणूस. बाईमाणसासमोर भाव नगं. बोटावर बोलू."

उत्तर नाही. म्हातारा नाराज असणार, त्यानं ओळखलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, मध्ये पसरला, खाली हात घातला.

हात आला.

मानसिंगनं तीन बोटं धरली. दाबली. तो हात तसाच. चार धरली. काही नाही. एरवी हातात हात आला की त्याला माणूस कळायचा. हा कळेना. घाबरलेला नव्हता. गरजू नव्हता. म्हाताऱ्याचाही वाटेना. बोटांच्या पेरांना घट्टे. पान्याचे पडतात, तसे.

"बाबा, बोला की."

त्यानं परत बोटं दाबली.

मग तो हात हलला. सावकाश. मानसिंगच्या बोटांतून सुटला, उलटा झाला आणि उघडला. तळवा वर. तसाच थांबला.

"इसार मागताय का? उद्या देतो इसार."

तळवा हलला नाही.

"बाबा...?"

ऑईलचा वास यायला लागला. ताज्या ऑईलचा. मानसिंगनं हात मागं घ्यायचा म्हटलं. कुणी धरला नव्हता. तरी येईना. तो उघडा तळवा त्याच्या हाताखाली होता. उबदार. वाट बघत...

आणि मागून, पार गोठ्याच्या टोकाकडून, ज्ञानूबाबा खोकले.

"मानसिंगराव, आलो बरं का. वासरू सुटलं हुतं, बांधतुया."

बाजेवर कोण होतं...? त्याच्या समोर... हातभर अंतरावर...

कंदील आला. सारजा दारात.

"कुणाशी बोलत हुता, दादा?"

बाजेवर कुणी नव्हतं. टॉवेल पसरलेला. त्याखाली मानसिंगचा एकट्याचा हात.

तो उठला. म्हणाला, "कंदील धरा जरा, परत बघतो." बॉनेटवर वाकला, तिच्याकडं पाठ केली आणि रोटर जागच्या जागी बसवला. "करा चालू." सारजानं बटण ओढलं. अर्ध्या फेऱ्यात इंजिन पेटलं. असं गोड चालायला लागलं, की गायीनंसुद्धा मान वळवली म्हणे.

ज्ञानूबाबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "माझ्या पोराचं काम हाय," म्हणाले.

सारजा मानसिंगकडं बघत होती. "काय झालं हुतं?"

पोरांनो, ही वेळ होती. दोन शब्द बोलायचे होते. चोर मी आहे, खोट तुमच्या माणसाच्या कामात नव्हती. मानसिंगनं मला सांगितलं, शब्द ओठांवर आले होते. आणि तो म्हणाला, "वायर ढिली हुती."

"म्हंजी त्यांचं काम कच्चं न्हवतं?"

"न्हाय. चांगलं हाय. मला कळलं न्हाय आधी."

ती बाई रडायला लागली. "तुमी परत बघितलं म्हणून कळलं, भाऊ. दुसरा आसता तर भंगारात घालून गेला आसता. मी जल्मभर त्यांना नावं ठेवत बसली आसती." आत गेली आणि न विचारता चहा घेऊन आली. मानसिंगनं कप घेतला. तिनं हसून म्हटलं, "उपास मोडला की भाऊ आमच्यापायी." तो मला म्हणाला, तात्या, तो घोट अजून घशात आहे, खालीही जात नाही आणि वरही येत नाही.

भाव त्यानं टॉवेल न घेता, तोंडानं सांगितला. चोख सांगितला. गाडी ट्रकवर चढून पुण्याला गेली. सारजाचं नर्सिंग झालं, आता इंदापूरला दवाखान्यात आहे. म्हणजे त्यानं घेतलेलं परत दिलं, रास्त पैसे दिले, कुणाचं नुकसान झालं नाही. मग काय राहिलं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो.

जनावरांचा बाजार त्यानं पुरता सोडला नव्हता. पुढच्याच बाजारात मानसिंग एका खिलारी बैलाच्या सौद्यात मध्यस्थ म्हणून बसला. टॉवेल टाकला. समोर सणसरचा आबासाहेब, चाळीस वर्षं बैल विकलेला माणूस. त्यानं हात घातला आणि विंचू चावल्यासारखा काढून घेतला.

"मानसिंगराव, आतमधी तिसरा हात कुणाचा?"

लोक हसले. मानसिंग हसला नाही. त्यानंतर एक सौदा धडपणे झाला नाही. ज्यानं हात घातला त्यानं काढला. सगळे एकच सांगायचे, खाली एक उघडा तळवा आहे म्हणून. बाजारात बोभाटा झाला. मानसिंगनं बाजार सोडला, गाड्या सोडल्या.

हे सगळं त्यानं मला गेल्या पौषात सांगितलं. माझ्याच ओट्यावर, रात्री, जेवणं झाल्यावर. मी म्हटलं, "लेका, मग इंदापूरला जा आन् सांगून टाक तिला. जीव जाणार हाय का तुझा?"

"तीनदा गेलो," तो म्हणाला. "दवाखान्याच्या पायरीपतूर. ती लांबनंच बघती. बरोबरच्या बायांना सांगती, ह्यो माझा भाऊ, ह्याच्यासारखा सच्चा माणूस मिळायचा न्हाय. चहा पाजती. कसं सांगू रं? भाऊ म्हणती ती मला."

एवढा लाजलेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. वयानं म्हातारा नव्हता, पण मान उचलता येत नव्हती त्याला.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, आमच्या दोघांच्या मध्ये पसरला आणि खाली हात घातला. "तुझा इस्वास बसत नसंल तर घाल हात," म्हणाला.

माझी छाती झाली नाही. खरं सांगतो, नाही झाली. मी नुसता बघत बसलो. ओट्यावर बल्ब होता, स्वच्छ दिसत होतं. त्याचा डावा हात त्याच्या गुडघ्यावर. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर. आणि टॉवेलाखाली...

एक उंचवटा त्याच्या हाताचा होता. त्याच्या शेजारी दुसरा होता.