मधाच्या पट्टीखाली

त्या सकाळी माझी ड्युटी खरं तर दुसऱ्याच वॉर्डात होती. बर्न्स वॉर्डच्या लक्ष्मी सिस्टर अचानक रजेवर गेल्या म्हणून मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं, आणि खिडकीजवळच्या खाटेवर गौतम भेटला. वडाळ्याच्या एका गॅरेजमध्ये तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडताना वाफेने त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. दुसऱ्या दिवशी मांडीवरची पातळ कातडी काढून त्या हातावर लावायची होती.

"मांडीचीच का, सिस्टर?" त्याने विचारलं.

"तिथे कोणाचं लक्ष जात नाही म्हणून."

"बरं झालं. चेहऱ्याची मागितली असती तर आईने दिली नसती. लग्नाचं बघतेय ती."

मी मान खाली घालून सलाईनचे थेंब मोजत राहिले. हसू आलं होतं... ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

कातडी जिथून काढतात ती जागाही एक जखमच असते, आणि पुष्कळदा भाजलेल्या जागेपेक्षा तीच जास्त दुखते. आमच्या डॉक्टर श्रेया मॅडम त्याच जखमेवर अभ्यास करत होत्या. जंतूंना रोखणारी दोन ड्रेसिंग्ज होती – एक चांदीचं, एक मधाचं. एकाच मांडीच्या अर्ध्या भागावर एक, उरलेल्या अर्ध्यावर दुसरं. दहा दिवस पट्टी उघडायची नाही; ताप आला, दुखणं वाढलं किंवा वास आला तरच उघडायची. आणि रोज सकाळी पेशंटला विचारायचं, शून्य ते दहापैकी किती दुखतं – वर किती, खाली किती. गौतमने सगळं समजून घेऊन सही केली. त्याच्या मांडीवर चांदी वर आली, मध खाली. लक्ष्मी सिस्टरांची रजा लांबली आणि विचारायचं काम माझ्याकडे आलं.

"मधाला मुंग्या लागल्या तर?"

"अजून कोणाला लागल्या नाहीत."

"मला लागतील. मी मुळातच गोड आहे."

असं काहीतरी तो रोज बोलायचा. नायगावच्या त्यांच्या चाळीबद्दल सांगायचा, नव्या टॉवरमधल्या अठराव्या मजल्यावरच्या घराबद्दल सांगायचा. त्याची आई, सुंदराबाई, लिफ्टला घाबरून दोन-दोन दिवस खाली उतरत नसे म्हणे. 'तुम्ही'वरून तो 'तू'वर कधी आला ते मला कळलंच नाही. मीही आले. लालबागच्या आमच्या घरातून निघताना मी आरशात दोनदा बघू लागले, तेव्हा आईने विचारलं, "काय गो मनवा, आज परीक्षा आसा?"

चौथ्या दिवशी माझी चूक झाली. दोन्हींपैकी कुठलं जिंकावं असं तुला वाटतं, असं त्याने सहज विचारलं, आणि मी सांगून टाकलं – मधाचं. माझी मावशी कणकवलीजवळ एका छोट्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. चांदीचं ड्रेसिंग महाग, ते तिथे पोचत नाही. मधाचं चांगलं ठरलं तर कदाचित पोचेल, एवढाच माझा विचार. पण आकडे लिहून घेणाऱ्या नर्सने हे पेशंटला सांगायचं नसतं. मला ते माहीत होतं. तरीही तो ऐकताना असा बघायचा, की... सांगितलं.

त्यानंतर रोज एकच उत्तर. वर चार, खाली एक. वर तीन, खाली एक. मी लिहून घेत होते, आणि मनातून सुखावत होते.

आठव्या दिवशी सुंदराबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. हातात तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. गौतम चार दिवस त्यांच्याकडून गोळ्या मागवून खात होता, अंग कसकसतं म्हणून. आता आणखी द्याव्यात का, असं त्या विचारत होत्या. गोळ्यांनी ताप दबला होता, म्हणून आमच्या नोंदीत तो आलाच नव्हता.

मी तशीच आत गेले आणि त्याच्या मांडीजवळ वाकले. मधाच्या गोडसर वासाखाली दुसरा एक वास होता.

मॅडमनी पट्टी उघडली. वरचा भाग गुलाबी, जवळजवळ भरून आलेला. खाली हिरवट पू, आणि जखम खोल गेलेली. चार दिवसांपूर्वी कळलं असतं तर ड्रेसिंग बदलून भागलं असतं. आता दुसऱ्या मांडीची कातडी काढून या मांडीवर लावावी लागणार होती. किती दिवस दुखतंय, मॅडमनी विचारलं. चार दिवस, तो म्हणाला. आठ-नऊ इतकं. मग एक का सांगितलंत, यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

मॅडम गेल्यावर मी तिथेच उभी होते.

"तुला मध जिंकायला हवा होता ना," तो हळूच म्हणाला. "खाली 'एक' लिहिताना तुझा चेहरा कसा खुलायचा..."

"मला खुश व्हायचं नव्हतं, गौतम. मला कळायला हवं होतं."

माझं मत मी पेशंटला सांगितलं होतं, हे मी मॅडमना लिहून दिलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं अभ्यासाचं काम काढून घेतलं आणि मला माझ्या वॉर्डात परत पाठवलं. गौतमचं दुसरं ऑपरेशन झालं, तो आणखी तीन आठवडे तिथे होता. मी त्या वॉर्डात गेले नाही. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की मी दाराकडे पाठ करून उभी राहायचे, इतकंच. पुढे अभ्यास संपला. दोन्ही ड्रेसिंग्ज सारखीच निघाली. कुणी जिंकलं नाही.

सहा महिन्यांनी त्याचा मेसेज आला. आम्ही फाइव्ह गार्डनमध्ये भेटलो, संध्याकाळी, मुलं क्रिकेट खेळत होती तिथे कडेच्या बाकावर. हातावर त्याने वण दाबून ठेवणारी घट्ट इलॅस्टिकची बाही घातली होती. आई आता लिफ्टने एकटी जाते, तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता – "लग्न करशील माझ्याशी?"

माझा होकार तयार होता. घरून निघतानाच तयार होता.

तेवढ्यात मुलांचा बॉल पायाशी आला. तो उचलायला गौतम उठला, आणि क्षणभर त्याचा चेहरा ताणला गेला.

"मांडी ओढते का?" मी विचारलं.

"छे. बसून बसून पाय आखडला."

"खरं सांग."

"खरंच काही नाही गं." तो हसला. "तू समोर असताना मला काय दुखणार?"

दुसऱ्या कुणाचं असतं तर हे वाक्य मी जन्मभर जपलं असतं.

"नाही, गौतम," मी म्हटलं. "उद्या तुझ्या छातीत कळ आली तरी तू मला असंच हसून सांगशील. मला रोज तुझ्यावर संशय घेत जगता येणार नाही."

"मी बदलेन ना..."

"आत्ताच विचारलं होतं."

मुलांनी बॉल मागितला, तो त्याने टाकला. मग मान हलवून निघाला – ताठ, सरळ, अगदी कवायतीला चालावं तसा. मी बाकावरून बघत होते. कोपऱ्यावर वळल्यावर, आपण आता मला दिसत नाही असं समजून, तो बागेच्या कठड्याला धरून थांबला आणि मांडी दाबत राहिला... बराच वेळ.

मी हाक मारली असती, तर तो पुन्हा सरळ चालायला लागला असता. म्हणून मारली नाही.