पिवळ्या रेनकोटातला कोहेई

कोहेई कानाझावाला शर्ट घ्यायला गेला. निदान मामाला तरी त्याने तेवढंच सांगितलं होतं.

"तोयामात शर्ट मिळत नाहीत का रे?" मामा फोनवर म्हणाला होता. "उद्या दहाला मंदिरातून गुरुजी येणार. तू वेळेवर नसलास तर तुझ्याशिवाय कलश ठेवीन थडग्यात, आत्ताच सांगून ठेवतो."

"येतो म्हटलं ना!"

उद्या ताई गेल्याचा एकोणपन्नासावा दिवस. तोवर गेलेलं माणूस आपल्या माणसांच्या आसपास घुटमळतं, मग आपली वाट धरतं, असं मामी सांगायची. कोहेईने रोज रात्री अस्थिकलशासमोर बसून वाट बघितली होती. घरात काहीच घुटमळलं नव्हतं. चाहूल नाही, वास नाही, साधं दार करकरणं नाही. तेवढ्या दिवसांत त्याने न्हाणीचं दार लाथेने फोडलं होतं, बांधकामांवर परांच्या बांधणाऱ्या आपल्याच टोळीतल्या दोघांशी मारामारी केली होती, आणि मुकादमाने त्याला आठवडाभर घरी बसवलं होतं. पण ज्या एका माणसाशी बोलायचं होतं, ते काही आलं नव्हतं.

बोलायचं तरी काय होतं? चुकलो, एवढंच.

मे महिन्याच्या सुट्टीत सातोएताईने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती. कानाझावा : सोन्याच्या वर्खाचं संग्रहालय, ग्रामोफोनचं संग्रहालय, मोठ्या दुकानात जेवण, कोहेईला पांढरा शर्ट. सतरा वर्षांपूर्वी, आई घर सोडून गेली त्या उन्हाळ्यात, ती अठराची आणि तो सहाचा असताना दोघं जशी गेली होती, अगदी तसंच.

"चल ना रे. एक दिवस."

"मी काय लहान पोर आहे?" पांघरुणातून तो खेकसला होता.

"लहान होतास तेव्हा बरा होतास," ती म्हणाली आणि कामावर निघून गेली. तीन आठवड्यांनी, माशांच्या वड्यांच्या कारखान्यात, वाफाळत्या पट्ट्यासमोर ती उभ्याची खाली बसली, ती उठलीच नाही.

ती फ्रिजवरची चिठ्ठी आता कोहेईच्या खिशात होती. जुलैतली जोडून आलेली सुट्टी होती. दुकानात माणसांचे लोंढे होते. बायका दोन्ही हातांत कागदी पिशव्या घेऊन सरकत्या जिन्यावर तोल सांभाळत होत्या. तिसऱ्या मजल्यावर एका पिकल्या केसांच्या विक्रेत्याने त्याला आरशासमोर उभं केलं.

"मान किती आपली?"

"मान? एकच आहे."

विक्रेता गालात हसला. टेप त्याच्या गळ्याभोवती फिरली. "चाळीस. आणि हात लांब आहेत हो! घरचं कुणी माप घ्यायचं का आधी?"

कोहेईने आरशात आपल्या लांब हातांकडे बघितलं. कधीच कुणी माप घेतलं नव्हतं. ताई नुसतं बघून शर्ट आणायची आणि तो बसायचा.

कोहेई शर्टाचे पैसे देत होता, तेवढ्यात दुकानातली धून बदलली. मघापर्यंत वाजणारं पियानोचं काहीतरी थांबलं आणि बासरीची संथ धून सुरू झाली. विक्रेत्याने लगेच खालच्या खणातून प्लास्टिकची आवरणं काढली. "पाऊस लागला वाटतं बाहेर. इथे खिडक्या नाहीत ना, आम्हाला ही धूनच सांगते. पिशवीवर आवरण घालून देतो."

मग चार सुरांची घंटी वाजली.

"हरवलेल्या मुलाबद्दल सूचना आहे. तोयामाहून आलेला कोहेई, वय सहा. अंगात पिवळा रेनकोट. डाव्या गुडघ्याला लागलं आहे. त्याची ताई सहाव्या मजल्यावर, खेळण्यांच्या विभागात थांबली आहे..."

कोहेईचा हात आपोआप डाव्या गुडघ्यावर गेला. विजारीच्या कापडाखाली चार समांतर रेघा होत्या. सरकत्या जिन्याच्या दातांनी उमटवलेल्या. याच दुकानात. सतरा वर्षांपूर्वी.

"शर्ट..." विक्रेता मागून म्हणत होता. कोहेई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता. वाटेत त्याने कुणाची तरी पिशवी उडवली, कुणीतरी "डोळे आहेत का!" म्हणून ओरडलं.

खेळण्यांच्या विभागातल्या काउंटरवर निळ्या गणवेशातली बाई एकटीच उभी होती.

"कुठे आहे ती?"

"मुलाची ताई? अगबाई... आत्ता होत्या. अर्धा मिनिट झालं नसेल. थांबा म्हटलं, पण त्यांना धीरच नव्हता. म्हणाल्या, त्याला सोनं बघायचं होतं, तिकडेच पळाला असेल."

"दिसायला कशी होती?"

"करडं जॅकेट. कारखान्याचं असावं. आणि..." बाईने आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण त्यांच्या अंगाला उकडलेल्या माशाचा वास होता. अजून आहे बघा इथे."

होता. काउंटरच्या लाकडावर गरम, ओलसर वास रेंगाळत होता. रोज संध्याकाळी दार उघडलं की घरात शिरणारा. शेजारी हरवलेल्या मुलाचा अर्ज होता. नाव, वय, कपडे. अक्षरं उजवीकडे कलंडलेली. याच अक्षरांत त्याच्या जेवणाच्या डब्यावर चिठ्ठ्या असायच्या : अंडं आधी खा.

"आपण मुलाचे कोण?" बाईने विचारलं.

कोहेई आल्या पावली वळला. मग तो जिन्याकडे पळत सुटला.

बाहेर पाऊस चाबकासारखा फटकारत होता. इथले लोक म्हणतात, डबा विसर पण छत्री विसरू नको. कोहेईने दोन्ही आणलं नव्हतं. वर्खाच्या संग्रहालयात तो पोचला तेव्हा त्याच्या बुटांतून पाणी वाजत होतं. आतल्या दालनात वर्ख कापणारा कारागीर मांडी घालून बसला होता आणि काचेपलीकडे वीसेक माणसं श्वास रोखून बघत होती. इथे जोरात बोलायचं नसतं. नुसत्या फुंकरीने वर्ख उडून जातो.

"एक बाई आली का? करड्या जॅकेटमधली?"

"हळू!" पाच-सहा जण एकदम पुटपुटले.

कारागिराने मान वर केली नाही. बांबूच्या चिमट्यात सोन्याचा चौकोनी पापुद्रा थरथरत होता. "आल्या होत्या. पुढच्या दालनात गेल्या. लहान मुलगा बघितला का, असं विचारत होत्या." तो थांबला. "गंमत म्हणजे... त्या या काचेला अगदी चिकटून बोलल्या. इतक्या जवळून, की माझा वर्ख उडायला हवा होता. पण हलला नाही."

पुढच्या दालनात सोन्याचा पडदा होता, सोन्याची चहाची खोली होती, आणि वास होता. त्यापुढच्या दालनातही वास होता. कोहेई एकेका दालनातून माणसं बाजूला सारत गेला, प्रत्येक दाराशी त्याला वाटे की पडद्याआड करडी बाही आत्ताच वळली. आणि शेवटचं दार उघडलं तर समोर रस्ता. पाऊस. लाल दिव्यापाशी छत्र्यांची गर्दी.

"ताई!" तो ओरडला. "मी इथे आहे, ताई!"

छत्र्यांखालून दहा-बारा तोंडं वळली. त्यांत एकही तिचं नव्हतं. त्याने भिंतीवर मूठ आपटली. सतरा वर्षं हिने मला एक मिनिटही एकटं सोडलं नाही, आणि आता, आजच, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने चुकतेय!

चिठ्ठीतल्या पुढच्या, ग्रामोफोनच्या संग्रहालयात तो शिरला तेव्हा तिथला म्हातारा तबकड्या वाजवून दाखवत होता. श्रोत्यांत फक्त दोन म्हाताऱ्या होत्या.

"या, या! धावायचं असेल तर नदीकाठ आहे की, तरुण मित्रा. इथे बसून ऐकायचं असतं."

"माझी बहीण आली होती का?"

"बहिणीबिहिणी नंतर. आधी बूड टेका. जमीन ओली करताय."

कोहेई बसला. म्हाताऱ्याने किल्ली फिरवली, सुई टेकवली. फुलासारख्या मोठ्या कर्ण्यातून खरखर आली आणि एका बाईचं गाणं, फार लांबून यावं तसं. दोन ओळी झाल्या. मग गाणं मागे सरत गेलं. खरखर वाढली. कर्ण्यातून चार सुरांची घंटी वाजली...

"कोहेई..."

म्हातारा दचकून मागे सरला.

"...हरवलास की हलायचं नाही. जिथे आहेस तिथेच थांब..."

पुन्हा गाणं. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

"ही तबकडी... तीस वर्षं वाजवतोय मी," म्हातारा सुई उचलत पुटपुटला. "यात हे नव्हतं. ऐकलंत ना तुम्ही? काय हो, ऐकलंत ना?"

म्हाताऱ्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. कोहेईने मात्र डोळे मिटले होते. त्याला आठवत होतं. जिन्यावरून पडून, गुडघा फोडून, तो रडत मजल्यामजल्यांवर पळत होता, आणि ताई त्याच्या मागे मजलेच्या मजले. दोन तास. सापडल्यावर तिने आधी थोबाडीत दिली होती, मग मिठी मारली होती. "हरवलास की हलायचं नाही, वेड्या! दोघंही शोधत फिरलो तर कुणीच कुणाला सापडत नाही. तू थांबायचं. मी येते."

सहाव्या मजल्यावर, खेळण्यांच्या विभागात, सरकत्या जिन्यासमोर एक बाक होतं. तेव्हाही होतं. कोहेई दुकानात परतून त्यावर जाऊन बसला. दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

तास गेला. बासरी वाजतच होती. अंगावरचे कपडे सुकेनात. खाली विसरलेला शर्ट द्यायला तिसऱ्या मजल्यावरचा विक्रेता स्वतः पिशवी घेऊन आला आणि त्याच्या मांडीवर ठेवून, तोंडाकडे बघून निघून गेला. मामाचा फोन आला.

"निघालास का?"

"मी हलणार नाही."

"म्हणजे? कोहेई, दारू प्यायलास का तू? अरे, उद्या..."

त्याने फोन बंद केला. पायांत मुंग्या आल्या होत्या. सगळं अंग म्हणत होतं ऊठ, शोध, पळ. जन्मात कधी तो इतका वेळ एका जागी बसला नव्हता. त्याने कड आणखी घट्ट धरली. हलायचं नाही. ती येते.

गर्दी पातळ होत गेली. आणि मग तो वास आला.

सरकत्या जिन्यावरून आधी केस वर आले. मागे बांधलेले, ओले. मग करडं जॅकेट. ताई वर आली, जिन्याच्या तोंडाशी थांबली, आणि तिने मजल्यावर नजर फिरवली. थकली होती ती. इतकं थकलेलं त्याने तिला कधी बघितलं नव्हतं.

"ताई..."

तिची नजर त्याच्यावरून गेली. थांबली नाही. रस्त्यात आडव्या आलेल्या परक्या माणसावरून जाते तशी गेली.

"ताई, मी... मीच आहे. अगं चुकलो मी. ऐक ना..."

ती दोन पावलं पुढे आली आणि तिने खाली बघितलं. बाकाकडे. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या पायांमध्ये, बाकाखालच्या काळोखात. तिचा चेहरा एकदम उजळला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पुढे केला.

"इथे लपलास होय रे?" ती म्हणाली. "चल. आता नाही हरवायचं हं."

कोहेईच्या पोटऱ्यांना काहीतरी घासून गेलं. ओलं, थंड, रेनकोटासारखं चुरचुरणारं. त्याला खाली बघवेना. मानच वाकेना. त्याने बघितलं ते फक्त ताईला, उठताना, एका हाताने काहीतरी धरून, खांदा त्या बाजूला कललेला... लहान मूल सोबत असलं की कलतो तसा.

"ताई!" तो धडपडून उठला. पण मुंग्या आलेले पाय दुमडले आणि तो तोंडावर आपटला.

चार सुरांची घंटी वाजली. "हरवलेलं मूल सापडलं आहे. सर्व ग्राहकांचे मनःपूर्वक आभार."

बासरी थांबली. पियानो सुरू झाला. बाहेर पाऊस उघडला होता.

काउंटरवरची बाई हसत होती. "मिळाला हो! सही करून घेऊन गेल्या. तुम्ही फार काळजीत होतात ना?" तिने अर्ज पुढे सरकवला. मूल ताब्यात मिळालं, या रकान्यासमोर कलंडलेली अक्षरं होती : सातोए. शाई ओली होती.

कोहेईने वळून बघितलं. गुळगुळीत फरशीवर लहान लहान ओल्या पावलांची रांग होती, जिन्याकडे जाणारी. बाकाकडे येणारं एकही पाऊल नव्हतं. रांग बाकाखालूनच सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी दहाला तो नवा शर्ट घालून मंदिरात होता. शर्ट बरोबर बसला होता. गुरुजींचं पठण लांबत गेलं, मामी डोळे पुसत होती. मामा कानाशी कुजबुजला, "पाय मोकळे कर हवं तर. तुझा गुडघा दुखतो ना असं बसलं की."

तेव्हा कोहेईच्या लक्षात आलं. तासभर तो गुडघे दुमडून बसला होता आणि काहीच दुखत नव्हतं.

थडग्याचा दगड सरकवला, कलश आत गेला, दगड परत बसला. सगळे थडग्यावर पाणी घालायच्या बादल्या उचलून निघाले तसा तो मागे राहिला. त्याने विजारीचा डावा पाय वर गुंडाळला.

चार रेघा नव्हत्या. तिथली कातडी कोवळी, नितळ होती, कधीच न पडलेल्या पोराची असते तशी. त्याने बोट फिरवलं. बोटाला पाणी लागलं. त्या पाण्याला उकडलेल्या माशाचा वास होता.