बावीस बिया काकडीच्या

"एकसुद्धा ठेवू नकोस, ऋषी! मुळासकट काढ!"

शिवांजलीने फर्मान सोडलं आणि स्वतःच्याही बाह्या सरसावल्या. नाताळची सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते आणि साताऱ्यात आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, अंगणात मोहीम सुरू झाली होती. कागदी पेल्यांतली काकडीची रोपं सटासट उपटायची आणि पाणी तापवायच्या बंबाच्या जाळात टाकायची! रोपांची पानं पिळवटलेली, देठ वाकडेतिकडे. टोमॅटोच्या रोपांनाही लागण झालेली. रोगच तो, असं आबा म्हणाले होते. आबा म्हणाले म्हणजे विषय संपला!

"अगं, थांब की!" फाटकातून गल्लीतला जिनेंद्र धावत आला. "आज्जीचं बी आहे ते! दुसरं नाही तिच्याकडे! आणि जरा त्या मक्याकडे तरी बघ..."

"मका बिका काही नको! रोगट बी द्यायचंच कशाला वर्गाला?"

शिवांजली हे चांगलं खणखणीत आवाजात बोलली. मग तिला दिसलं, जिनेंद्रच्या मागे त्याची आज्जी, आक्काताई, उभी होती. आक्काताईंनी रिकाम्या पेल्यांकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटी धरून त्या आपल्या गावी, कुंडलला निघून गेल्या.

आबा म्हणजे निवृत्त सुभेदार नानासो. दर थंडीत रविवारी सकाळी ते अंगणात परसबागेचा वर्ग घेत. माती कशी कालवायची, थंडीत बियांना मोड कसे आणायचे, रोपं कशी जपायची, सगळं शिकवत. म्हणजे होळीपर्यंत प्रत्येकाच्या दारात वेल मांडवावर चढलेले! यंदा अकरा विद्यार्थी होते, आणि सगळ्यांची रोपं आबांच्याच अंगणात उन्हाला ठेवलेली.

आक्काताई थंडीपुरत्या मुलाकडे साताऱ्याला आल्या होत्या. वर्गाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी पदराची गाठ सोडून बावीस बिया पुढे ठेवल्या होत्या.

"माझ्या म्हायेरची काकडी हाय ही," त्या म्हणाल्या होत्या. "एका घरात ऱ्हायली की कवातरी संपती. अकरा घरांत गेली तर ऱ्हाईल."

प्रत्येकाला दोन-दोन आल्या. बावीसच्या बावीस उगवल्या. आणि बावीसच्या बावीस आता बंबात गेल्या होत्या.

आक्काताई गेल्या त्या दिवशी दुपारी शिवांजलीचा धाकटा भाऊ ऋषिराज पायरीवर पेरू खात बसला होता. "ताई, मक्याला का नाही गं झाला रोग?" त्याने विचारलं.

शिवांजली वळली. त्याच रांगेत, त्याच उन्हात मक्याचे चार पेले होते. पानं ताठ, हिरवीगार! जिनेंद्र काल हेच सांगत होता. तिने ऐकूनच घेतलं नव्हतं.

ती तशीच उठून जिनेंद्रकडे गेली.

"आता कशाला आलीस?" तो दारातूनच म्हणाला.

"चुकले मी. पण हे काय झालं ते शोधायचंय. तुझ्याशिवाय नाही जमणार."

जिनेंद्रने चपला घातल्या.

"आता नीट आठवा," पेल्यांपाशी उकिडवा बसत तो म्हणाला. "सगळ्या रोपांवर एकदम काय पडलं?"

"रविवारी आबांनी आंबट ताक फवारलं," शिवांजली म्हणाली. "कीड पडू नये म्हणून."

"ताकाने कुणी मरतं का? मी रोज दोन ग्लास पितो!" ऋषिराजने पुरावाच दिला.

"ताकाने नाही. पण ते कशातून मारलं?"

तिघांच्याही नजरा अंगणातल्या शेडकडे गेल्या. पाठीवर अडकवायचा निळा पंप! आबांनी तो पुतण्याकडून, दिग्विजयकाकांकडून मागून आणला होता. आणि दिग्विजयकाकांचा तर सगळा ऊसच!

पण पंपाला हात लावायची मुलांना सक्त मनाई. ऋषिराजने डोळा मारला आणि तो सरळ आबांसमोर जाऊन मांडी घालून बसला.

"आबा, लडाखची गोष्ट सांगा ना! ती बर्फात गाडी अडकली होती ती!"

झालं! आता तासाभराची निश्चिंती! इकडे दोघांनी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि पंपात स्वच्छ पाणी ओतलं. शेजारच्या काकूंकडून टोमॅटोची चार धडधाकट रोपं आणली होती. दोन रोपांवर पंपातलं पाणी मारलं, दोन रोपांवर साधं तांब्यातलं.

दोन दिवसांनी तांब्याची रोपं मजेत होती. पंपाच्या रोपांनी माना टाकल्या होत्या आणि पानं वळायला लागली होती.

शिवांजलीने आबांच्या देखतच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "काका, पंपात शेवटचं काय मारलं होतं?"

"उसातलं तणनाशक गं," दिग्विजयकाका म्हणाले. "रुंद पानाचं तण मरतंय त्यानं. उसाला न् मक्याला काय हुत न्हाई. का? आबांनी धुतला न्हाई व्हय पंप?"

आबांचा चेहरा उतरला. रोज बुटांना पॉलिश करणारे, जेवायचं ताट दोनदा धुऊन घेणारे आबा! "रिकामा दिसला," ते पुटपुटले. "मला वाटलं, रिकामा आहे म्हणजे साफच आहे."

"काका," शिवांजलीने घाबरत घाबरत विचारलं, "रोपं वाचली असती का?"

"थोडंच बसलं आसंल तर एखादं सावरतंय कवा कवा. धा-बारा दिवस वाट बघायची. उपटायची घाई न्हाई करायची."

शिवांजलीने फोन ठेवला. आबांनी पंप धुतला नाही हे खरंच होतं. पण घाई तर तिनेच केली होती ना! एखादं रोप वाचलंही असतं.

रविवारी आबा सगळ्या वर्गासमोर ताठ उभे राहिले. "चूक माझी. आक्काताईंचं बी चोख होतं. हे शोधून काढलं या तिघांनी. शाब्बास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गातल्या देशपांडेबाईंनी तिघांना चॉकलेट दिलं. शिवांजलीला मान वर करवेना. तिने आपलं चॉकलेट ऋषीला देऊन टाकलं.

त्याच दुपारी आबा आणि तिघं मुलं असे चौघं कुंडलला गेले. आक्काताई ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. शिवांजलीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही गाळलं नाही. सांगता सांगता ती रडायला लागली.

आबांनी हात जोडले.

"आवं सुभेदार, हात कशाला जोडताय!" आक्काताई म्हणाल्या. मग त्यांनी शिवांजलीला जवळ ओढलं. "लय हुश्शार हायस गं. बरोब्बर पंपापतुर पोचलीस. पर मला इचारायचं हुतंस. मी म्हनले आसते, थांब वाईच."

"आज्जी, एखादी तरी बी शिल्लक असेल ना?" ऋषिराजने विचारलं.

"न्हाई बाळा. हुत्या तेवढ्या समद्या तुमालाच दिल्या."

आक्काताई आत जाऊन शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या आणि एकेकाच्या हातावर ठेवू लागल्या.

"कशी लागायची हो ती काकडी?" शिवांजलीने डोळे पुसत विचारलं.

आक्काताईंचा हात थांबला.

"कशी सांगू पोरी?" त्या म्हणाल्या. "ग्वाड म्हनावं तर तशी ग्वाडबी न्हवं. खाल्ली आसतीस, तरच कळली आसती."