पडलेल्यावर नेम

शिरोली नाक्याजवळच्या रसवंतीवर रेणुका लोहार स्कूटर उभी करून उसाचा रस पीत होती. तेवढ्यात महामार्गावरून एक हिरवा रेडा खाली उतरला.

रेडा म्हणजे गाडी. कंपनीने नावच तसं ठेवलं होतं आणि ते शोभतही होतं. रुंद छाती, झुकलेलं नाक, आणि चाकांत एवढी रग की नवख्याने पाय दाबला तर गाडी जागच्या जागी गरकन फिरावी. अमेरिकेत अशा गाड्यांना मसल कार म्हणायचे. कोल्हापूरकरांनी त्यांना पैलवान गाडी म्हणून टाकलं.

हिरवा रेडा चालवत होत्या एक पन्नाशीच्या बाई. एका हाताने त्या फोनवर बोलत होत्या, मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या होत्या. त्यांचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. समोरून ट्रक आला. रेडा आपणहून वळणाच्या बाहेरच्या कडेला गेला, तिथून आत कापला, वळणाच्या ऐन मध्यावर किंचित अडखळला, सावरला आणि निघून गेला. बाईंचं बोलणंसुद्धा तुटलं नाही.

रेणूचं डावं मनगट लहानपणी मोडून वाकडं बसलं होतं. वळणाच्या मध्यावर तिचा हात असाच अडखळायचा आणि असाच सावरायचा.

"बघा, गेलासा की तुम्ही!" रसवाला हसत म्हणाला. "गावभर तुमचंच हात फिराल्यात, ताई."

रेणू हसली नाही. त्याच हातांनी गेल्या आठवड्यात एक पोरगी मारली होती.

कागलजवळच्या माळावर लंबगोल ट्रॅक झाला तेव्हा तिथे साध्या गाड्या पळायच्या. लीगचा नियम एकच होता: शोरूममधून जशी विकली, तशीच पळवायची. आत काही बदल करायचा नाही. म्हणून तर लोक येत. आपल्या दारातली गाडी ट्रॅकवर काय करते ते बघायला माणसं पोराबाळांसकट यायची.

मग कंपन्यांना पैलवान गाड्या उतरवायच्या होत्या. लीगवाल्यांनी आधी नाक मुरडलं. अशी गाडी पळवायची म्हणजे तशीच्या तशी विकायलाही हवी, आणि विकली तर डॉक्टरचा पोरगा पहिल्याच चौकात मरणार. त्यावर कंपनीने काढलेलं औषध म्हणजे अंगवळण.

रेणू कंपनीसाठी रेडा पळवायची. शर्यतीत तिच्या हातात मोजे असत, पायात तारा जोडलेले बूट आणि मानेला पट्टा. डोक्याला कळायच्या आत हात-पाय जे ठरवतात, ते त्यातून टिपलं जायचं. रविवारी शर्यत, सोमवारी सकाळी तिचं ताजं अंगवळण विकलेल्या प्रत्येक रेड्यात ओतलं जायचं. एरवी गाडी तुमची. संकट आलं की स्टिअरिंग तिच्या हातांचं. 'चालवा तुम्ही, सांभाळेल रेणू' अशी जाहिरात शहरभर लागली. लीग खूश झाली. ट्रॅकवरचं शहाणपण रस्त्यावरही शहाणपणच असतं का, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं ज्यांचं काम होतं ते पुढच्या रांगेत फुकट पासावर बसले होते.

रसाचा ग्लास अर्धा ठेवून रेणू निघाली. कंपनीत तिला आणि तिच्या मामाला बोलावलं होतं.

गुंडूमामा तिचा टेहळ्या. ट्रॅकच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि आत बसलेल्याला कानात सांगायचं, खाली, म्हणजे आतल्या कडेला, गाडी आहे, वर मोकळं आहे. गाडीत बसलेल्याला फक्त समोरचं दिसतं, बाकी सगळं टेहळ्याच्या डोळ्यांनी. आईवेगळ्या रेणूला गॅरेजात वाढवलं त्यानेच, ट्रॅकवर उतरवलं त्यानेच.

अंगवळण विभागाचे प्रमुख निनाद गुप्ते यांनी पडद्यावर चित्रफीत लावली. पन्हाळ्याचा रस्ता. पुढे उसाच्या ट्रॉलीतून पाचट सांडलेलं. त्यावरून एका मुलीची स्कूटर घसरली. कोमल भोपळे, नर्सिंग शिकणारी. ती रस्त्यात बसली होती, गुडघा चोळत. मागून येणाऱ्या रेड्याला थांबायला भरपूर जागा होती. रेड्याने नाक वळवलं ते थेट तिच्याकडे.

आत बसलेले निवृत्त मास्तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग उलटं ओढत होते. ऐकत नव्हतं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. पोलीस म्हणाले, प्यायला असेल.

"परत लावा," रेणू म्हणाली.

परत लावलं. मुलगी पडली त्या क्षणाला रेणूचे मांडीवरचे हात आपोआप हलले. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

"ह्ये माझंच हाय." ती म्हणाली. "पडलेल्यावर नेम."

लंबगोल ट्रॅकवरचा तो पहिला धडा. पुढची गाडी भोवंडली की तिला चुकवायला जायचं नाही, तिच्यावरच नेम धरायचा. उतरत्या ट्रॅकवर ती गरगरत वर तरी जाते नाहीतर खाली तरी घसरते. तुम्ही पोचेपर्यंत ती जागा रिकामी झालेली असते. जो बाजूने काढायला बघतो तोच आदळतो. रेणूला हे अठराव्या वर्षी कळलं, मग हाडात गेलं, आणि तिथून हजारो गाड्यांत.

पण रस्त्यावर पडलेलं माणूस तिथेच असतं.

"आम्हाला माहीत आहे," गुप्ते म्हणाले.

"कवापासनं?"

"ह्याआधी एकदा झालं होतं. तेव्हा कुत्रं होतं."

"कुत्रं," गुंडूमामा म्हणाला. "म्हंजे माणूस मरूस्तवर वाट बघितलासा."

"मामा, तसं नसतं ते."

"मला मामा म्हणू नगा. मी हिचा मामा हाय."

"काढून टाका ते," रेणू म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

गुप्ते चष्मा पुसायला लागले. "अंगवळण कापडासारखं आहे, रेणुका. एक धागा ओढला तर अख्खं उसवतं. काढायचं तर तुमचं सगळंच काढावं लागेल. मग नियमाप्रमाणे ट्रॅकवरच्या गाडीतूनही काढावं लागेल. आणि अंगवळणाशिवाय पैलवान गाडीला लीग उभं करत नाही. रेडा बंद."

"हूं द्या की बंद!"

"ते ठरवणारा मी नाही."

"मग मी नव्यानं शिकवतो." कोल्हापूरच्या कितीतरी पोरींसारखी रेणू 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. "रिकाम्या ट्रॅकवर गाडी भोवंडवा म्होरं. पायजे तेवढ्या बारी ब्रेक दाबून दावतो."

"सरावातलं मुरत नाही. पट्टा भीती मोजतो. छातीचे ठोके, घाम, सगळं. जीव खरोखर टांगणीला असतो तेव्हाचंच अंगात मुरतं, बाकीचं वाहून जातं. आम्ही मुद्दाम तसं बनवलंय. भर शर्यतीत, मागे गाड्या असताना जर कुणी..."

ते थांबले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

गुंडूमामा खुर्चीतून उठला. "ए साहेब. तू काय सांगायलायस हिला?"

"मी काहीच सांगत नाहीये."

"न सांगता सांगायलायस!"

तिथून ती दोघं पोलिसांत गेली, वकिलाकडे गेली, पेपरवाल्याकडे गेली. पोलिसांना आरोपी सापडला होता, त्यांना दुसरा नको होता. वकिलाने करार वाचून सांगितलं की हात तुझे असले तरी हातांची सवय कंपनीची आहे, तिची बदनामी केलीस तर तूच आत जाशील. पेपरच्या पहिल्या पानावर रेड्याची जाहिरात होती. तिथे चहा मिळाला.

परतताना मामा गाडी चालवत होता. रेणू हल्ली रस्त्यावर चारचाकीचं स्टिअरिंग धरत नव्हती.

"तू थांबलीस तर मागचा तुझ्यात शिरंल," मामा म्हणाला. "त्योबी पैलवानच चालवतोय. त्योबी ह्येच शिकलाय."

"ठावं हाय."

"ठावं हाय म्हणं! मरशील, मूर्ख."

"मामा, ती पोरगी गुडघा चोळत बसली होती. पडलेलं माणूस जाग्यावरच असतंय. एवढं साधं मला कुणी शिकवलंच न्हाई."

शिकवणारा शेजारीच बसला होता.

रविवारी माळावर हलगी कडाडत होती. ऊन रणरणत होतं, पत्र्याच्या मांडवांखाली माणूस मावत नव्हतं. रेड्यांचे मालक एका बाजूला बसले होते, अंगात रेणूचं चित्र छापलेले शर्ट घालून. लोकांना गाड्या आदळलेल्या आवडतात. तसं कुणी म्हणत नाही, पण शर्यत शांत संपली तर घरी जाताना चेहरे पडलेले असतात.

रेणूने मोजे चढवले, पट्टा आवळला. मनोऱ्यावरून मामाचा आवाज कानात आला. "खाली मोकळं. वर मोकळं. मागं चौगुल्या."

ओंकार चौगुले. दुसऱ्या कंपनीची पिवळी पैलवान गाडी. पोरगा चांगला होता, उतावळा होता, आणि तिच्या नाकाला नाक लावून पळत होता.

शर्यत अर्ध्यावर आली आणि पुढच्या निळ्या गाडीचं चाक फुटलं. ती भोवंडली. रबराचा धूर पसरला.

अशा वेळी मामा नेहमी दोनच शब्द बोलायचा: नेम धर. आज कानात फक्त खरखर आली. मग आवाज आला, पण तो टेहळ्याचा नव्हता, मामाचा होता. "रेणू, चौगुल्या अगदी मागं हाय. नेम धर, पोरी. पाया पडतो तुझ्या."

रेणूने ब्रेक दाबला.

हात ऐकेनात. ते निळ्या गाडीकडे वळायला धडपडत होते, ती त्यांना ओढून सरळ धरत होती, पन्हाळ्याच्या रस्त्यावर मास्तर ओढत होते तशीच. रेडा कण्हत कण्हत थांबत आला. समोर निळी गाडी कठड्याला टेकून उभी राहिली होती. आत माणूस हलत होता. त्याच्या आणि तिच्या मध्ये चांगली जागा उरली होती.

आरशात पिवळं मोठं झालं. आणखी मोठं झालं. आणि मग—

त्या 'मग'पाशीच सगळं अडलं आहे.

शुद्ध आली तेव्हा ती दवाखान्यात होती. चौगुलेला खरचटलं होतं. निळ्या गाडीवाला धड होता. रेणूचा उजवा पाय घोट्याखाली उरला नव्हता.

गुप्ते आले तेव्हा त्यांच्या हातात फुलं होती आणि डोळे सुजलेले होते. "मुरलं," ते म्हणाले. "एवढी भीती आजवर कधीच नोंदली गेली नव्हती. हजारो गाड्या आता..."

"काय मुरलं?"

"म्हणजे?"

"शेवटाला आरशात चौगुल्या दिसला मला. मला पळायचं होतं, साहेब. ब्रेकवरनं पाय काढून पुढं पळायचं होतं, निळ्या गाडीवर जाईना का. काढला का दाबून धरला, मला आठवंना. जे शेवटाला झालं त्येच मुरलं असंल न्हवं?"

गुप्तेंनी फुलं या हातातून त्या हातात घेतली.

"पायाची नोंद असंल की तुमच्याकडं. बघितलासा?"

"ती कायदा विभागाने ताब्यात घेतलीय. मलाही बघता येत नाही."

"आन् न बघताच गाड्यांत ओतलासा?"

त्यांनी फुलं कुठे ठेवावीत ते त्यांना कळेना. "काल सोमवार होता, रेणुका."

ते गेल्यावर मामा आत आला. बराच वेळ तो पांघरुणाच्या टोकाकडे बघत राहिला, जिथे एका पायाचाच उंचवटा होता. खालच्या चौकात नवा फलक चढत होता. 'आता थांबायलाही शिकला रेडा.' धडकेनंतर बुकिंग वाढलं होतं, असं नर्सच सांगत होती.

"मामा, माझ्या गाडीचा मागचा लाल दिवा बघत होतास न्हवं?"

"व्हय."

"पेटला?"

"पेटला. लांबनं झळकला."

"धडक बसूस्तवर पेटलेलाच होता?"

मामाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"विझला. पण धडकंच्या आदी का धडकंनं, ते न्हाई मला सांगता यायचं. देवाशपथ, रेणू." तो तोंड फिरवून बोलला. "मी डोळं मिटलं."

रेणूने मान खिडकीकडे वळवली. खाली कारखान्याच्या वाटेवरून उसाची ट्रॉली डुलत चालली होती, मागे पाचट सांडत. शाळा सुटली होती. स्कूटरवर पोरांना पुढे-मागे बसवून बाया घरी निघाल्या होत्या. त्यांच्या मागून एक रेडा आला. वळणाच्या मध्यावर अडखळला, सावरला, आणि पाचटाकडे निघाला.

तिचा पाय आता त्याच्या पोटात होता. तो थांबायला शिकला होता, की स्वतःला वाचवायला? हे कळणार होतं फक्त एकाच माणसाला, पुढे जो रस्त्यावर पडेल त्याला. आणि कळल्यावर ते आपल्याला सांगायला तो उरेल का?