कोऱ्या गोळीचा माणूस

तुम्ही खोटं बोललात, साहेब. ‘आमच्या औषधाच्या चाचणीत कुणालाही इजा झालेली नाही,’ असं छातीठोकपणे सांगितलंत आणि हात झटकून मोकळे झालात. कुणाला विचारून सांगितलंत? गोळी गिळणाऱ्याला विचारलंत: मळमळतं का, चक्कर येते का, झोप लागते का. त्याच्या शेजारी स्टुलावर पिशवी धरून बसलेल्या बाईला कुणी विचारलं? आता तिचं ऐका.

तिचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. हात असा की पट्टी न लावता रेघ सरळ. खोड एकच. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सगळं जग डावीकडून ओढतं, हा उजवीकडून ओढायचा. ‘शेवट कुठं हे ठाऊक असलं की सुरुवात चुकत नाही,’ म्हणायचा. ती कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची, म्हणून तो तिला ‘टाचणी’ म्हणे. चारचौघांत नाही, फक्त दार लावल्यावर. पोटच्या पोरीलाही ते नाव माहीत नव्हतं.

मग त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी रंगांची नावं गेली, मग घराचा रस्ता, मग ती. एका सकाळी ती चहा घेऊन आली तर म्हणाला, “बाई, तुम्ही कशाला त्रास घेता?” चहा तसाच निवला.

मुलीनं बातमी आणली. “आई, एक नवं औषध आहे. बाजारात नाही अजून, माणसांवर तपासतायत. विसरलेलं परत आणतं म्हणे.”

“आणि नाही आणलं तर?”

“तर आपलं आणखी जायचं काय राहिलंय?”

चाचणीची जागा म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा मजला. न उघडणाऱ्या खिडक्या, स्पिरिटचा वास, भिंतीलगत मागे कलणाऱ्या खुर्च्या. सिस्टर कागदी पेल्यात गोळी द्यायची, गिळून झाली की जीभ वर करायला लावून बघायची, आणि मग रक्त घेण्यासाठी दुपारपर्यंत सगळ्यांना तिथंच बसवून ठेवायची. निम्म्यांना औषध, निम्म्यांना कोरी, औषध नसलेली गोळी. रंग, आकार, चव एकच. कुणाला काय मिळतं हे डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही, असा नियम.

“म्हणजे आंधळी कोशिंबीर की,” ती म्हणाली.

“हो,” सिस्टर हसली, “फक्त पट्टी सगळ्यांच्याच डोळ्यांवर.”

तिचं मागणं फार नव्हतं. त्यानं बरं होऊन पाट्या रंगवाव्यात असंही नाही. जाण्याआधी एकदा ‘टाचणी’ म्हणावं, बस.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस कंडक्टर असायचे. त्यांची बायको बोलकी. “आमचे हे घरात आलेल्या पाहुण्यालाही पुढं सरका म्हणतात,” असं म्हणून स्वतःच हसायची.

काही आठवडे असेच गेले. मग एक दिवस कंडक्टरचं बोट खुर्चीच्या हातावर सरकताना तिला दिसलं. एक लांब रेघ. उजवीकडून डावीकडे. रेघेखाली ते बोट सावकाश अक्षरं लटकवू लागलं.

“काका, पाट्या रंगवायचे का हो कधी?”

“हे?” बायको म्हणाली. “अहो, ह्यांची सही म्हणजे कोंबडीचे पाय!”

पुढच्या खेपेला समोरच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या स्वयंपाकीणबाई स्वतःची बोटं हुंगत होत्या. “टर्पेंटाइनचा वास काही जात नाही,” त्या पुटपुटल्या. “आमच्या घरी रंगकाम कुठलं?” त्यांची सून म्हणाली.

तिचा नवरा मात्र मांडीवर हात ठेवून बसलेला. पुसलेल्या पाटीसारखा.

आणि मग एका दुपारी कंडक्टर तिच्याकडे कलले. आवाज त्यांचाच, घोगरा. पण शब्दाआधी थांबणं त्यांचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं होतं.

“टाचणी, तोंडातल्या आधी काढ. गिळशील एखादी.”

तिनं ओरडायला हवं होतं. तिनं डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, “काढते.”

त्या दिवसापासून तिचं स्टूल कंडक्टरच्या खुर्चीकडे सरकलं. ती वेळेआधी येऊ लागली, ठेवणीतले कपडे घालून. लाज वाटायची. तरी यायची.

“ताई, तुमचा माणूस त्या बाजूला आहे,” कंडक्टरची बायको एकदा फणकारली. मग तिचाच आवाज फुटला. “काल मला म्हणाले, तुम्ही कुणाच्या?”

तेव्हा मात्र ती डॉक्टरकडे गेली. सगळं सांगितलं. डॉक्टरनं पेन उघडून धरलं होतं.

“त्रास तुमच्या पेशंटला झाला?”

“नाही.”

“गोळी तुम्ही घेता?”

“नाही.”

“मग हे मी कुठं लिहू, सांगा?” आणि पेन बंद झालं.

महिन्याभरात तुम्ही चाचणी गुंडाळलीत. शेवटच्या तपासणीला सगळ्यांना बोलावलं. आता पट्टी सुटली होती. डॉक्टर खुशीत म्हणाला, “तुमच्या मिस्टरांना कोरी गोळी होती. औषधाचा कणही गेला नाही पोटात. निर्धास्त राहा.”

“आणि कंडक्टरकाकांना?”

“औषध.”

“स्वयंपाकीणबाईंना?”

“औषध. का हो?”

ती नवऱ्याला न्यायला वळली.

कंडक्टरनं तिचं मनगट धरलं. “घरी चल.”

“मला न्यायला आलीस ना?” समोरून स्वयंपाकीणबाई.

भिंतीलगतच्या आणखी दोन खुर्च्यांतली माणसं उठली. मान तिरपी करून तिच्याकडे बघू लागली. रंग ओला असताना तो पाटीकडे बघायचा, तशी.

“हा कोण तुझ्याबरोबर?” कंडक्टरनं विचारलं.

तिचा नवरा तिच्याकडे बघून ओशाळं हसला.

“बाई, तुमच्या घरचे बोलावतायत,” तो म्हणाला. “जा तुम्ही. मी बसतो इथं.”

त्यालाच तिनं घरी आणलं. शेवटपर्यंत केलं त्याचं. तो गेला तेव्हा रडू आलं, पण परक्यासाठी येतं तेवढंच. गोळ्या थांबल्यावर कंडक्टरही गप्प झाले होते.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. औषध तेच, नाव नवं, शहर दुसरं.

परवा तिचा फोन वाजला. एक अनोळखी मुलगी. “माफ करा हं, माझे आजोबा हाच नंबर सांगतात. एका नव्या औषधाच्या चाचणीत आहेत ते. आम्ही तर तुम्हाला ओळखतही नाही. सारखं म्हणतात, तिला कळवा, मी निघालोय.”

मागे कुणीतरी चप्पल शोधत होतं.

तिनं उठून दाराची कडी काढली. मग विचारलं, “चालता येतं का त्यांना?”

साहेब, ज्याच्या पोटात तुमच्या औषधाचा कणही गेला नाही, तो माणूस तुमच्या औषधात आला कुठून? ती दार उघडं ठेवून बसली आहे. उत्तर द्या.