अक्षर शमुवेलचं, मजकूर सत्यजीतचा

ब्लेसीचं पत्र येऊन दिवाळी उलटली, नाताळही उलटला, तरी शमुवेलनं उत्तर धाडलं नव्हतं. ‘तुमच्या बाराखडीचा कॉम्प्युटरवर फॉन्ट तयार झाला,’ तिनं लिहिलं होतं. ‘तुमची अक्षरं दिवसभर माझ्यासमोर असतात. तुम्हाला मात्र... इकडं यावंसं वाटतं का?’

वाटत तर होतंच! शमुवेल शिरूरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. केडगावच्या चर्चचा फलक तो रंगवत असताना ब्लेसी मागं येऊन थांबली होती. दौंडच्या फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाइन करायची.

“काय डौल हाय हो अक्षराला! आन् शेवटाला ही विस्कटलेली शेपटी... मुद्दाम काढता?”

“न्हाई... ब्रशातला रंग संपतो,” तो लाजून म्हणाला होता. ती खळखळून हसली, आणि त्यानं अख्खी बाराखडी ब्रशनं काढून तिच्या हवाली केली.

मग काय! लग्नपत्रिकांवर, चहाच्या कपांवर, रसवंतीच्या बोर्डांवर शमुवेलचाच हात दिसू लागला. त्याला गंमत वाटायची. पण आज कामासाठी दौंडात उतरला, चौकात मान वर केली, तर समोर भला मोठा फ्लेक्स.

‘ब्लेसी मॅडमना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुमच्या हसण्यानं दौंड उजळतं. शुभेच्छुक : सत्यजीत.’ खाली गॉगल लावलेला फोटो.

त्याचीच वेलांटी, त्याचाच डौल, त्याचीच ती शेपटी! जे त्याच्या ओठांवर कधी आलं नाही, ते त्याच्याच हातानं दुसऱ्याच्या नावावर लिहिलेलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो तसाच ब्लेसीच्या दुकानात शिरला.

“कोण हा गॉगलवाला?”

“गिऱ्हाईक हाय.”

“आन् तुम्ही छापलंत? माझ्या अक्षरात?”

“त्यानं तोच फॉन्ट मागितला. म्हणाला, यात लिवलं की मनापासून लिवल्यागत वाटतं.”

“आवडलं वाटतं...”

“जळालात व्हय?” तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण काठाशी पाणीही. “त्यानं निदान दोन ओळी तरी लिवल्या. रविवारी हॉटेलात बोलवलंय त्यानं. जाऊ?”

शमुवेलची मान खाली गेली. “उत्तर लिवलं होतं मी. कितीदा तरी. फाडून टाकलं.”

“का?”

“पेनानं माझं अक्षर म्हंजी... कावळ्याचे पाय! ब्रशाचं अक्षर बघून तुम्ही... म्हटलं, हे बघितलं तर—”

“काय बाई माणूस तरी! मी उत्तर मागितलं होतं, बोर्ड न्हाई.”

त्यानं हात पुढं केला. “पेन हाय?”

तिनं दिलं. पोस्टात जाऊन त्यानं कार्ड घेतलं, खिडकीच्या कठड्यावर टेकून लिहू लागला. दुकान तसंच सोडून ती मागोमाग आलीच.

“मी इथंच हाय की! तोंडानं सांगा.”

“तोंडानं न्हाई जमायचं...”

तिनं खांद्यावरून डोकावलं. एक अक्षर वर, एक खाली — ‘ब्लेसी, यावंसं वाटतं. रोज वाटतं. हॉटेलात नका जाऊ...’

“आन् रविवारी?” ती हळूच म्हणाली.

“केडगावला... चर्चच्या दारात थांबतो.”

“थांबा मग,” ती म्हणाली, आणि त्याच्या हाताला हात लावून तिनंही ते कार्ड लाल पेटीत ढकललं.