अस्वलीचा डावा कान

गळाला मासा लागून रिळाची दोरी कर्रर्र करत सुटली, की अस्वलीचा डावा कान आधी वळायचा आणि मग मान. रोझेटाने सकाळपासून हे बारा वेळा पाहिलं होतं. अकरा वेळा कान वळला होता. बाराव्या वेळी नेमका रस्त्यावरून ट्रक गेला, म्हणून ती वेळ तिने वहीत वेगळी लिहिली.

"तुझी वही अस्वलीला वाचवणार आहे का?" व्हॅनच्या मागच्या सीटवरून तिच्या मावसभावाने, थॅडने विचारलं.

"तुझ्या चिप्सपेक्षा जास्त शक्यता आहे."

दोघांच्या मध्ये बसलेला रोझेटाचा धाकटा भाऊ एमरी हसला नाही. तो खाली नदीत उभ्या असलेल्या दोन पिल्लांकडे बघत होता.

दरवर्षी जुलैत त्यांच्या कुळातली माणसं तीन गाड्या भरून चार तासांचा रस्ता कापून चिल्कूट नदीवर यायची. हिवाळ्यासाठी सामन मासे धरायचे, ते धुरावर वाळवायचे आणि मुलांनी ओटोमामाच्या व्हॅनमध्ये बसून अस्वलं बघायची. काच दोन बोटं उघडी, दार बंद. हा नियम कोणी मोडत नसे.

पण यंदा काहीतरी बिनसलं होतं. तीन दिवसांपूर्वी या अस्वलीने एका पर्यटक बाईच्या हातातला मासा ओढून नेला. वन्यजीव खात्याच्या ग्रेटाबाई येऊन सांगून गेल्या, "पुन्हा माणसांना भिडली, तर मला तिला गोळी घालावी लागेल." पिल्लांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

"पर्यटकांनीच लाडावलंय तिला," थॅड म्हणाला. "सगळे तेच म्हणतात."

"म्हणतात सगळे. पाहिलंय कोणी?" रोझेटाने वही मिटली. "मामाचा जादा गळ मागे आहे ना? काटा काढ आणि दोरी हाताने ओढ. मासा नाही, वास नाही, नुसता आवाज. बघू काय करते."

थॅडने दोरी ओढली. कर्रर्र.

अस्वलीच्या पंजाखाली एक लाल मासा तडफडत होता. तो तिने सोडून दिला. ती सरळ काठावरच्या सपाट दगडापाशी गेली आणि खिसा चाचपावा तसा दगडाखाली पाण्यात पंजा घालून चाचपू लागली. पंजाला एक दोरखंड लागला. तो तिने वर ओढला. रिकामा होता.

"ती गाठ मामाची आहे," एमरी हळूच म्हणाला. "दोन फासांची. मासे कल्ल्यांतून ओवायची."

थॅडच्या हातातली दोरी निसटली. रीळ पुन्हा वाजलं. अस्वलीने मान वर केली आणि ती चढ चढून थेट व्हॅनकडे आली.

तिने पुढचे पंजे दारावर ठेवले. व्हॅन एका बाजूला कलली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. त्याच वेळी पुलावर ग्रेटाबाईंची गाडी थांबली आणि त्या बंदूक घेऊन उतरल्या.

"बाई, नको!" रोझेटा फटीतून ओरडली. "आम्ही बोलावलं तिला!"

बंदूक खाली आली नाही. तिघांना दार उघडता येत नव्हतं, व्हॅन चालवता येत नव्हती, अस्वलीला काही समजावता येत नव्हतं. थॅड दोन्ही हातांनी रीळ घट्ट धरून बसला होता. मग खाली एक पिल्लू केकाटलं आणि अस्वलीण उतरून गेली. तिला परतवायला मुलांनी काहीच केलं नव्हतं.

ग्रेटाबाईंनी खिडकीपाशी येऊन विचारलं, "बोलावलं म्हणजे कसं?"

रोझेटाने वही पुढे केली. ती वाचायला त्यांना बराच वेळ लागला. "तीन दिवस मी पर्यटकांचे डबे तपासत फिरतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्यापेक्षा नीट पाहिलंत."

ग्रेटाबाई मुलांना घेऊन तळावर आल्या, तेव्हा मर्लिनमावशी मासे चिरत होती. कुळातली सगळ्यांत मोठी तीच. मुलांचं ऐकून ओटोमामाने तिच्यासमोर मान खाली घातली.

"पहिल्याच दिवशी तिने दोरखंडावरचे चार मासे नेले, ताई. मीच म्हणालो, घे बाई, तुझाही वाटा आहे. अस्वल आपल्या कुळाचं चिन्ह. तिला काय दगड मारू? आणि मासे उन्हात ठेवू नको, हे तूच सांगतेस."

"पाण्यात ठेव म्हणाले होते. तिच्या ताटात नाही."

"मग रोजच येऊ लागली," मामा पुटपुटला.

"रीळ वाजलं की माणूस दोरखंडाला मासा बांधतो, एवढं तिला कळलंय," रोझेटा म्हणाली. "त्या बाईच्या हातात तेच वाजलं असणार."

ग्रेटाबाई म्हणाल्या, "मासेमारीवर सरकारी बंदीचा कागद यायला दहा दिवस लागतील. तोवर ती पुन्हा येईलच. तीन आठवडे काठावर एकही रीळ वाजलं नाही, तर कदाचित विसरेल. खात्री मी देत नाही."

मावशीने धुराच्या खोलीकडे पाहिलं. अर्ध्या काठ्या रिकाम्या होत्या. चाळीस माणसांचा हिवाळा होता आणि तीन आठवड्यांत माशांचा लोंढा ओसरून जाणार होता. काठावरची इतर कुटुंबं तीन दिवस तिलाच विचारत होती, थांबायचं का? ती थांबली असती तर सगळे थांबले असते. प्रत्येकाला तिने एकच उत्तर दिलं होतं, "बघू."

"मावशी," एमरीने विचारलं, "ती विसरली नाही तर?"

"तर आपण उपाशी आणि ती मेलेली."

मावशीने अर्धवट चिरलेला मासा पुरता चिरला, काठीवर टांगला आणि हात धुतले.

"ओटो, सगळ्या तंबूंवर जाऊन सांग," ती म्हणाली. "आत्तापासून या काठावर कोणाचाही गळ पडणार नाही. आपला सर्वांत आधी उचल."